आफ्रिकेतला वाघ

नानांनी मला काम दिलं, नानांनी मला पुन्हा वाचायला शिकवलं आणि परक्या गावात मला नावानं पहिली हाक मारली तीही नानांनीच. हे आधीच सांगून टाकते. पुढं मी त्यांच्याबद्दल जे सांगणार आहे त्यात हसण्यासारखं बरंच आहे, आणि मला कुणी कृतघ्न म्हणू नये.

नाना पेणचे, कागदोपत्री दत्ताराम. त्यांचा गणपतीचा कारखाना आहे. रोज सकाळी साडेआठला, ब्रश भिजत घालून झाले, की नाना आफ्रिकेला निघत. निघत म्हणजे रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसत, शाळेतला फाटका नकाशा मांडीवर पसरत आणि एका बोटानं मुंबईहून नैरोबीला जात. चहा येईपर्यंत सिंह बघून व्हायचे. चहा पिऊन झाला की बोट पुढं सरकायचं. कारागीर खोकले, की नाना नकाशाची घडी घालून पेणला परत. स्वतः ते मुंबईच्या पलीकडं कधी गेलेले नव्हते. मुंबईलासुद्धा जायचे ते टेंपोत मूर्ती धरून, आणि परत यायचे ते त्याच टेंपोत, उरलेल्या पेंढ्यावर झोपून.

मी उदगीरकडची. शाळा पाचवीत सुटली. नवऱ्याला डोलवीच्या पोलाद कारखान्यात ठेकेदाराकडं काम लागलं म्हणून आम्ही इकडं आलो. मला सगळ्याचीच भीती वाटायची. हायवेवरच्या ट्रकची, खाडीच्या पाण्याची, शेजारणीनं प्रेमानं आणून दिलेल्या सुकटीची. नवरा शिफ्टला गेला की मी भरदिवसा दाराला आतून पाटा टेकवून बसायची. आमची खोली नानांच्या कारखान्याच्या मागं होती. एक दिवस खिडकीतून आवाज आला.

"सुमन ना गो तू? कोंडून काय घेतलायस? काम करशील?"

"माझा हात थरथरतो," मी म्हटलं.

"मग उंदीर रंगव. उंदराला थरथर चालते."

मी तीन महिने उंदीरच रंगवले.

कारखान्यात सगळ्यात नाजूक काम आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायचं. ते नाना स्वतः करत. डोळे त्यासाठी जपायचे म्हणून ते बाकी काही वाचत नसत. रद्दीवाला त्यांच्यासाठी जनावरांची मासिकं बाजूला काढून ठेवायचा, आणि त्यातली कात्रणं वाचायचं काम माझ्याकडं आलं. माझी अक्षरं पुसट झालेली. एक एक जोडत वाचायची. पाणघोडा पाण्याबाहेर यायला माझ्या वाचनात पंधरा मिनिटं लागायची. बाकीचे कारागीर हसायचे. नाना मात्र थांबत.

"येऊ दे सावकाश," म्हणत. "जड जनावर हाय."

अशी मी वाचायला शिकले. पुस्तकात कमळ-बगळा असतो तिथं माझा गेंडा होता.

नानांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "लांबून बघायचा, हात लावायचा नाय." मुळात हे गिऱ्हाइकांसाठी, कारण ओल्या रंगावर बोट टेकवायची माणसाला फार हौस. पण नाना ते सिंहालाही लावत, गेंड्यालाही लावत आणि एकदा त्यांच्याकडं जावयाची तक्रार घेऊन आलेल्या बाईंनाही त्यांनी तेच सांगितलं. बाई समाधानानं गेल्या.

एका वर्षी कात्रणात आलं, की आफ्रिकेतल्या हत्तीचे कान आपल्या हत्तीपेक्षा पुष्कळ मोठे असतात. नानांनी त्या उत्साहात डझनभर गणपतींना सुपाएवढे कान लावले. जवळच्या गडब गावचा दुकानदार मूर्ती न्यायला आला, बघत उभा राहिला आणि म्हणाला, "नाना, देवाला उकडत व्हता काय? पंखे बसवलेत ते?" एकही मूर्ती गेली नाही. नाना चिडले नाहीत. "त्याला दुनिया ठाव नाय," एवढंच म्हणाले आणि कान तासायला बसले.

पण खरी गोष्ट त्या बेताची. बेत एका कागदावर लिहिलेला असायचा आणि दर वर्षी नवा व्हायचा. त्यात एक नाही, चार तऱ्हेची आफ्रिका होती. उघड्या गाडीतून सिंह. होडीतून पाणघोडे. मोठ्या फुग्यात बसून वरून हत्तींचे कळप. डोंगरात चिखल तुडवत पायी जाऊन गोरिला. आणि या सगळ्याच्या वर, लाल रेघ मारून, ती नदी. तिथं लाखो दाढीवाली जनावरं मगरींच्या तोंडावरून पलीकडं जातात.

घोटाळा त्या नदीनंच केला होता. जनावरं ती ओलांडतात आषाढापासून भाद्रपदापर्यंत. आणि आषाढ ते भाद्रपद पेणचा माणूस अंगणाबाहेर पडत नाही. नानांना त्या जनावरांचा मनापासून राग यायचा. "कार्तिकात गेली असती तर काय बुडला असता त्यांचा?" म्हणायचे. मग पंचांग काढून हिशेब. ज्या वर्षी गणपती ऑगस्टातच येतील, त्या वर्षी चतुर्थी झाल्या झाल्या निघायचं, शेवटचे कळप नक्की सापडतात. असं साल एकदा आलंसुद्धा. नाना म्हणाले, "यंदा नवरात्राच्या देव्या जास्त हायत."

कागदावर सगळ्यात वर एक ओळ कायम असायची. 'माणसं : दोन.' दुसरं कोण, यावर कारखान्यात पैजा लागत. नाना सांगत नसत.

मला कळलं ते रोह्याला गेल्यावर. दर श्रावणात आमच्या मूर्तींच्या तीन खेपा रोह्याच्या दुकानांना जात. नागोठण्यापुढं रस्त्याला खड्डे फार, म्हणून मागं मूर्ती सांभाळायला कुणीतरी बसायचं. ते काम मला मिळालं तेव्हा नानांनी एक चिकटवलेलं पाकीट हातात दिलं. "वसंताला दे. काय बोलू नको. तिसऱ्या खेपेला परत घेऊन ये."

वसंतकाका नानांचे धाकटे भाऊ. रोह्याला शाळेत भूगोल शिकवायचे. दोघं अकरा वर्षं बोलत नव्हते. वडील गेल्यावर वाटणी झाली, आणि वडिलांच्या हातच्या सगळ्यात देखण्या मूर्तीचा साचा दोघांनाही हवा होता. साचा दोन भागांचा असतो, पुढचा आणि मागचा. तेव्हा पंचांनी न्याय केला. गणपतीचं पोट नानांकडं आलं, पाठ रोह्याला गेली. नानांकडं तो अर्धा साचा कपड्यात गुंडाळून ठेवलेला आहे. भूगोलाचे मास्तर त्या पाठीचं काय करतात, ते मात्र मला माहीत नाही.

पाकिटात तो बेत असायचा. तिसऱ्या खेपेला परत यायचा तेव्हा लाल शाईनं भरलेला असायचा. 'गोरिला शेवटी नको, आधी घ्या, नंतर गुडघे चालणार नाहीत.' 'फुगा कशाला? पायी चला.' 'होडी लहान आहे.' नाना ते माझ्याकडून वाचून घेत, तीन तीनदा, आणि तोंडानं "मोठा शहाणा लागून गेलाय" म्हणत. त्या आठवड्यात त्यांची आखणी अशी उतरायची, की डोळे आपल्याकडंच बघतायत.

लाल शाईतली एक ओळ दर वर्षी तीच असायची. बेतात नाना लिहीत, 'दिवस सहावा : वाघ.' त्याखाली दोन रेघा मारून वसंतकाका लिहीत, 'आफ्रिकेत वाघ नसतो!!'

मला त्या दोन उद्गारचिन्हांचं फार वाईट वाटायचं. ज्या माणसानं मला वाचायला शिकवलं, त्याला धाकट्या भावानं दर वर्षी असं नापास करावं? तोवर मी भरपूर कात्रणं वाचली होती. वाघ तिकडं नसतो, हे मलाही ठाऊक झालं होतं. त्या श्रावणात बेत उतरून काढायचं काम नानांनी मलाच दिलं. मी सहावा दिवस खोडला, वाघाच्या जागी चित्ता लिहिला, गुडघ्यांचा विचार करून गोरिला आधी घेतले आणि पाकीट चिकटवलं. नानांना काही बोलले नाही. टेंपोत पेंढ्यावर बसून मला पहिल्यांदाच वाटलं, की आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो.

तिसऱ्या खेपेला पाकीट परत आलं. नाना डब्यावर बसले. मी कागद उघडला. लाल शाईची प्रत्येक ओळीवर एक बरोबरची खूण, आणि खाली दोन शब्द. 'बरोबर आहे.'

"पुढं वाच," नाना म्हणाले.

"पुढं काही नाही."

"पाठीमागं बघ."

पाठीमागंही काही नव्हतं. नानांनी कागद घेतला, राखून ठेवलेला चष्मा लावला आणि स्वतः वाचला. मग माझ्याकडं बघितलं.

"वाघ तू काढलास?"

"होय नाना. तुमची चूक राहू नये म्हणून..."

"चूक कसली गो? आफ्रिकेत वाघ नसतो, हे मला ठाव नाय वाटला तुला? अकरा वरसं पाळलाय तो वाघ मी."

त्यांनी चष्मा काढला आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मला एक शब्द लागेल असा बोलले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी नकाशा उघडला नाही. ब्रश हातात घेतला आणि ठेवून दिला. चतुर्थी तोंडावर, आणि चाळीस गणपती बिनडोळ्यांचे फळीवर ओळीनं बसलेले. गिऱ्हाइकं येत, रांगेकडं बघत आणि हळू आवाजात विचारत, "नाना बरे हायत ना?"

मी ठरवलं, रविवारी रोह्याला जाऊन सगळं कबूल करायचं. एसटीनं एकटी कधी गेले नव्हते, म्हणून दोन दिवस आधीपासूनच घाबरून घेतलं होतं. पण शुक्रवारी दुपारीच कारखान्याच्या दारात एक छत्री येऊन उभी राहिली. छत्रीखाली वसंतकाका. आत आले नाहीत. नानांकडं बघितलंही नाही.

"सुमन," ते मला म्हणाले, "त्याची तब्येत बरी हाय ना?"

"सांग त्याला, बरी हाय," नाना फळीकडं तोंड करून म्हणाले. "आन् छत्री बाहेर ठेवायला सांग. ओला रंग हाय. लांबून बघायचा, हात लावायचा नाय."

"सांग त्याला, मी पण ह्याच घरात जन्मलोय. ओला कसा दिसतो ते मला ठाव हाय. आन् विचार त्याला, वाघ कुठं गेला? चार दिस झोप नाय मला. म्हटलं, ह्याचं काय बरं-वाईट झालं आन् कागद दुसऱ्याच कुणी धाडला."

दोघं एकमेकांपासून पाच हातांवर, आणि मी मध्ये. सांगायचं तरी काय? सगळं दोघांना ऐकू येत होतंच.

"वाघ मी काढला, काका," मी म्हटलं. रडकुंडीलाच आले होते. "आफ्रिकेत वाघ नसतो म्हणून."

वसंतकाकांनी छत्री मिटली. "ते मी त्याला अकरा वरसं लिवतोय."

"आन् मी अकरा वरसं ठेवतोय," नाना म्हणाले.

हे ते मला म्हणाले नव्हते.

मग नानांनी पायानं दुसरा रिकामा डबा पुढं ढकलला. वसंतकाका त्यावर बसले. मी चहा सांगायला पळाले. परत आले तेव्हा नकाशा दोघांच्या मांड्यांवर मिळून पसरला होता, आणि भांडण रंगात आलं होतं.

"गोरिलाकडं गाडी जात नाय, दत्ताराम."

"मग मी गाडीत बसतो. तू जाऊन बघून ये, आन् मला सांग."

संध्याकाळपर्यंत नऊ गणपतींना डोळे आले.

त्या गोष्टीला आता चार वर्षं झाली. दोघं आफ्रिकेला गेलेले नाहीत. साच्याचा विषय अजून निघालेला नाही. पोट पेणला आहे, पाठ रोह्याला. वसंतकाका शिमग्याला आणि चतुर्थीला येतात, तास-दोन तास भांडतात आणि शेवटच्या गाडीनं जातात. बेताचा कागद मात्र अजूनही श्रावणात टेंपोनंच जातो. पाकीट चिकटवायच्या आधी सहाव्या दिवशी वाघ आहे ना, ते मी दोनदा तपासते.

उंदीर आता दुसऱ्याच बाया रंगवतात. गेल्या दोन सीझनपासून लहान मूर्तींची आखणी नानांनी माझ्याकडं दिली आहे. शेजारी बसून बघतात, आणि माझा हात थरथरत नाही. म्हणून नाना, हे तुमच्यासाठी लिहून ठेवते. मोठ्या मूर्तींचे डोळेही मी शिकून घेईन. मग ज्या वर्षी गणपती लवकर येतील आणि देव्या कितीही जास्त असतील, त्या वर्षी कारखाना मी सांभाळेन आणि तुम्हा दोघांना त्या नदीवर धाडेन. तुमचं एवढं तरी मी फेडणार आहे.