एकतीस की तेरा

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी सव्वाआठ वाजता, ओरेस्ट ह्रिनचुक यांच्या तळघरातली, घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडली. बाहेर उणे चौतीस होतं. कॅनडातल्या आमच्या सास्कटूनमध्ये ही काही बातमी नव्हे. आमच्या गल्लीत दर हिवाळ्यात कुणाची ना कुणाची भट्टी रुसतेच. पण ओरेस्टराव टपाल खात्यातून निवृत्त झालेले, नियमाला धरून चालणारे गृहस्थ. त्यात त्यांची बायको मार्लिस खुब्याच्या ऑपरेशननंतर दिवाणखान्यातच खाटेवर होती. त्यामुळे ओरेस्टरावांनी जे केलं ते सगळं नियमानुसार केलं. मी समोरच्याच घरात राहतो, म्हणून हे सांगू शकतो.

भट्टीवरचा लाल दिवा लुकलुकत होता. पुस्तिकेत लिहिलं होतं : दिवा लुकलुकल्यास कंपनीला फोन करावा. त्यांनी केला. त्यांचा फोन कंपनीला किती मोलाचा आहे, हे त्यांनी चाळीस मिनिटं ऐकलं. मग एक बाई बोलल्या.

"दिवा किती वेळा लुकलुकतोय?"

"आधी तीनदा, मग एकदा."

"की आधी एकदा, मग तीनदा?"

ओरेस्टराव पुन्हा जिना उतरले. "बाई, तो थांबतच नाही. तीन, एक, तीन, एक. सुरुवात कुठली ते मला काय ठाऊक? मी आलो तेव्हा तो चालूच होता."

"सुरुवात महत्त्वाची आहे. तीन-एक म्हणजे एकतीस. एक-तीन म्हणजे तेरा. दोन्ही विभाग वेगळे."

"एकतीस म्हणजे नेमकं झालंय काय?"

"ते मला सांगता येत नाही. तो दुरुस्तीचा सल्ला ठरतो."

वरून मार्लिसचा आवाज आला, "ओरेस्ट, खाली काय करतोयस?"

"मोजतोय!"

"मोजून झालं की आणखी एक पांघरूण आण. नाक गळून पडेल माझं."

बटण बंद करून, पुन्हा चालू करून, पहिली लुकलुक डोळ्यांत तेल घालून पाहून ओरेस्टरावांनी निर्णय दिला : एकतीस. तक्रार नोंदवली गेली. कारागीर नऊ ते पाचच्या दरम्यान येणार होता. दिवाणखान्यात तेरा अंश होते.

दुपारी शेजारच्या आगाथाबाई वाटाण्याचं सूप घेऊन आल्या. वय वर्षं एकोणऐंशी. येता येता त्यांना घराच्या भिंतीतून बाहेर आलेला भट्टीचा पाइप दिसला. वाऱ्याने त्यात बर्फ ठासून भरला होता. त्यांनी सुपाचं पातेलं खाली ठेवलं, ओरेस्टरावांचाच झाडू घेतला आणि दांड्याने बर्फ उकरून काढला. खाली भट्टी धडाडून पेटली.

"धूर जायला वाटच नव्हती तिला," आगाथाबाई म्हणाल्या. "नाक चोंदल्यावर माणूस तरी कामाला उठतो का?"

मार्लिसच्या गालांवर रंग आला. तिने दोन वाट्या सूप घेतलं. ओरेस्टरावांना मात्र घास जाईना. त्यांची तक्रार उघडी होती.

चार वाजता डेलबर्ट कोझाक नावाचा कारागीर आला. त्याने भट्टीला हात लावून पाहिला आणि त्याचा चेहरा पडला.

"ही तर चालू आहे."

"हो."

"मग एकतीस कुठाय?"

"गेला."

"गेला म्हणून कसं चालेल? समोर दिसल्याशिवाय मला तो मिटवता येत नाही."

"मग राहू दे तक्रार तशीच."

"चोवीस तास उघडी राहिली तर कंपनी तिकडून भट्टीच बंद करते. तुमच्या सुरक्षेसाठी."

ओरेस्टरावांनी कोपऱ्यातलं फावडं उचललं. मग दोन्ही सज्जन माणसं बाहेर गेली, आणि फावड्याने पाइपात बर्फ भरू लागली.

"अरे मेल्यांनो, काय चालवलंय?" आगाथाबाई खिडकीतून ओरडल्या.

"दुरुस्ती," डेलबर्ट म्हणाला.

भट्टी बंद पडली. दोघे घाईघाईने खाली गेले. भट्टीने पाचदा पेटायचा प्रयत्न केला, मग तो सोडला. दिवा लुकलुकला. एक. मग तीन.

"हा तेरा आहे," डेलबर्ट हळहळला. "वारंवार प्रयत्न करून भट्टी कुलूपबंद. मी एकतीसवाला. तेराची माणसं गुरुवारी येतात."

"आणि माझी बायको?"

"त्या कुठल्या क्रमांकात बसतात, बघावं लागेल," असं म्हणून तो निघून गेला.

आगाथाबाईंनी पुन्हा बर्फ काढला, पण कुलूपबंद भट्टी काही ऐकेना. शेवटी मार्लिसला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवून, चार गोधड्यांत गुंडाळून, मी आणि ओरेस्टरावांनी उचलून आगाथाबाईंकडे नेलं. वाटेत ती दात वाजवत म्हणाली, "इतकी वर्षं लोकांची पार्सलं पोचवलीस. आज मला पोचवतोयस, तर पावती घ्यायला विसरू नकोस." ओरेस्टरावांच्या पापण्यांवर काहीतरी गोठलं होतं. थंडीही तशीच होती.

या प्रकाराने गल्ली पेटून उठली. सभागृहात सभा भरली. "पाइप झाडत जा आणि गप्प बसा," ही आगाथाबाईंची सूचना अशास्त्रीय म्हणून इतिवृत्तात घेतली नाही. आम्ही एकमताने मागणी केली : भट्टी ठीक असल्याचाही एक क्रमांक हवा, म्हणजे कारागिराला तक्रार मिटवता येईल.

कंपनीने ती चक्क मान्य केली. नवा क्रमांक शून्य-शून्य. दिवा शून्य वेळा लुकलुकतो, मग पुन्हा शून्य वेळा. आम्ही टाळ्या वाजवल्या.

आज सकाळपासून माझ्या भट्टीचा दिवा लुकलुकत नाहीये. घर गरम आहे, मी पातळ सदऱ्यात बसलोय. पण हा शून्य-शून्य, की दिवाच गेलाय? नुसत्या उबेवर विश्वास ठेवायला मी काही अडाणी नाही. कंपनीला फोन लावलाय. माझ्यापुढे रांगेत सदतीस जण आहेत. त्यांत तुम्ही असाल, तर कृपा करून जरा लवकर आटपा.