दवाखान्याच्या जीपची स्टेपनी व बॅटरी राखिली त्याची हकीकत

श्री घाटमाथ्याच्या म्हसोबास नमस्कार, चालत्या चार चाकांस नमस्कार, आणि जे पाचवे चाक संकटसमयी उपयोगी पडावे म्हणोन गाडीचे पाठीवर स्वस्थ बसून असते, ज्यास लोक स्टेपनी म्हणतात, त्यास विशेष नमस्कार करून हा मजकूर लिहिण्यास आरंभ केला. शके एकोणीसशे आठ, क्षयनाम संवत्सर, ते समयी डोंगरमाथ्यावर एक राज्य होते. राज्याचे नाव लिहावयाचे प्रयोजन नाही. ज्याचे त्याने ओळखावे. राज्यास वाड्या पुष्कळ आणि धड रस्ता एकच, तोही घाटाचा. दवाखाना एक, त्याचे पदरी पांढरी जीप एक, आणि ती हाकणारे दर्याजी शेलार. दर्याजींचे वय साठीस टेकलेले, कंबर दुखरी, बोलणे थोडके. त्यांनी या जीपमधून बाळंतिणी नेल्या, साप चावलेले नेले, झाडावरून पडलेले नेले, आणि त्यांस दुसरे काही नको होते, जीप बोलाविल्या वेळी सुरू व्हावी इतकेच पाहिजे होते. परंतु ते वर्षी चोरांनी राज्यात उच्छाद मांडिला आणि तितकेही मिळेनासे जाहले.

प्रथम स्टेपनी गेली. दर्याजी एका वाडीहून आजारी माणूस घेऊन आले, त्यास आत पोहोचविले, घोटभर पाणी प्याले आणि बाहेर येऊन पाहतात तो जीपचे पाठीवर चाक नाही, नट मात्र भिंतीच्या कडेस नीट मांडून ठेविलेले. मग दर्याजींनी कचेरीत वर्दी दिली, आणि दिवाण विसाजीपंत यांनी नवे चाक देवविले व त्यावर पहारेकरी नेमिला. मग थोडे दिवस गेले आणि बॅटरी गेली. पहारेकऱ्यास विचारिले तेव्हा तो बोलिला की, "मला चाक राखाया सांगितलं होतं. चाक हाय की जाग्यावर!" दिवाणजींस हे उत्तर कायद्यास धरून वाटले. मग चाकास साखळी घालून मोठे कुलूप केले आणि किल्ली कचेरीत ठेविली. मग घाटात पुढले चालते चाक पंक्चर जाहले, ते नेमके सणाचे दिवशी, कचेरी बंद, आणि दर्याजी भर उन्हात दगडावर बसून आपल्याच स्टेपनीकडे पाहात राहिले. मग नव्या बॅटरीस लोखंडी पिंजरा करून तो वेल्डिंगने पक्का केला, तो इतका पक्का की बॅटरीत पाणी घालावयास बोट जाईना, आणि ती आतल्या आत सुकून निकामी जाहली. चोरांनी नेली असती तर निदान कोणाच्या तरी कामास आली असती, ऐसे दर्याजींच्या मनात आले.

मग दर्याजींनी कोणास काही सांगणे सोडिले. रोज दिवस मावळता पाना घेऊन आपणच बॅटरी सोडवावी, खांद्यावर घ्यावी, चढण चढून घरी न्यावी आणि सकाळी पुन्हा आणून बसवावी, ऐसा क्रम धरिला. बॅटरी म्हणजे शिशाचा धोंडा. तिच्यातील ॲसिड सांडून सदऱ्यास भोके पडली, खांद्याची कातडी सोलली, कंबर आधीच गेलेली ती आणखी गेली. दर्याजींच्या कुटुंबाचे नाव ठकूबाई. त्या तिखट बोलणाऱ्या, परंतु नवऱ्याच्या खांद्यास रोज खोबरेल त्याच लावीत. एके दिवशी तेल लावता लावता बोलिल्या, "सवत आणली असती तर ती चालत तरी आली असती. हिला मेलीला खांद्यावर मिरवत आणताय." दर्याजींस हसू आले, आणि हसता हसता कंबरेत चमक भरली, म्हणोन हसणे अर्धेच राहिले.

तो क्रमही दैवास मानवला नाही. कोणी कचेरीत चहाडी केली आणि दिवाणजींनी दर्याजींस बोलावून घेतले आणि विचारिले, "शेलार, सरकारी बॅटरी घरी नेता ती कोणाच्या हुकमाने?" दर्याजी बोलिले, "हुकूम न्हाई सरकार. ऱ्हावी म्हणून नेतो." दिवाणजी बोलिले, "सरकारी माल घरी नेणे म्हणजे चोरीच की." मग दर्याजी खाली पाहून बोलिले, "आणि चोरानं नेली म्हंजे?" दिवाणजींनी चष्मा पुसला आणि बोलिले, "चोराने नेली तर चोरी म्हणोन दप्तरी नोंद होते. तुम्ही नेली तर तिची नोंद काय म्हणोन करावी, ते सांगा."  दर्याजी मुजरा करून निघाले आणि त्या दिवसापासून बॅटरी जीपमध्येच ठेवू लागले. खांदा हलका जाहला, परंतु जेवण गोड लागेना.

मग व्हावयाचे तेच जाहले. एके सकाळी माळवाडीचा धोंडू कुंभार धावत आला. त्याची बायको सगुणा पहिलटकरीण, कळा सुरू होऊन अडली होती. दर्याजी उडी मारून बसले आणि चावी फिरविली, आणि जीपने हूं की चूं केले नाही. बॉनेट उघडून पाहतात तो बॅटरीच्या जागी दोन वायरी लोंबत होत्या. दर्याजी तसेच दिवाणजींच्या जीपकडे पळाले, परंतु ती जीप दिवाणजींस घेऊन एका सत्कारास गेली होती. मग माळवाडीच्या लोकांनी बाजेस दांडे बांधून डोली केली आणि खांदे बदलीत सगुणेस डोंगर चढवून आणिले, आणि पोहोचता ऊन डोक्यावर आले. डॉक्टरीणबाईंनी शर्थ केली. बाई वाचली, मूल गेले. मुलगी होती.

धोंडू बाहेर येऊन पायरीवर बसला. समोर जीप उभी होती, बॉनेट अजून उघडेच. दर्याजी त्याचे शेजारी जाऊन बसले. धोंडू बोलिला, "दादा, हिच्यात काय नव्हतं?" दर्याजी बोलिले, "बॅटरी." धोंडूने विचारिले, "केवढी असती?" दर्याजींनी दोन्ही हात पुढे धरून अंतर करून दाखविले. धोंडू त्या हातांकडे पाहात राहिला.  आणि दर्याजींस हात खाली घेणे सुचेना.

त्या राज्यात बाजाराचे तोंडाशी सटवाजी घुले म्हणोन एक इसम राहात असे. गाड्यांचे जुने भाग विकण्याचा त्याचा धंदा, आणि ते भाग जुने कसे होतात हे त्यास कोणी विचारीत नसे. नाव सर्वांच्या जिभेवर, पुरावा कोणापाशीच नाही. नवी बॅटरी आली आणि बसली, त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी दर्याजींनी जीप काढिली आणि थेट सटवाजीचे दारात नेऊन उभी केली. सटवाजी ओट्यावर लोखंडी पाने पुशीत बसला होता. बोलिला, "काय दर्याजीदादा, वाट चुकला?" दर्याजी बोलिले, "न्हाई. आजपासनं गाडी हितं ऱ्हाईल." सटवाजी हसला. "माझ्या दारात? लोक काय म्हणतील?" दर्याजी बोलिले, "त्येच. हितनं कायबी गेलं तर लोक काय म्हणतील, त्ये तू बघ." मग सटवाजीचे हसणे गेले आणि तो बोलिला, "मी न्हाई नेली तुमची बॅटरी." दर्याजी बोलिले, "मी कुठं म्हणतो? माळवाडीच्या कुंभाराचं लेकरू गेलं. कुणी नेली, कुणी न्हाई, मला त्याच्यात पडायचं न्हाई. चोर धराया मी कोतवाल न्हाई. मी दमलोय, सटवा. उचलून दमलो, कुलपं लावून दमलो, सांगून दमलो. आता तू राख." इतके बोलून पायी घरी गेले, आणि त्या रात्री गाढ झोपले, ऐसे ठकूबाई सांगत.

सटवाजी मात्र झोपला नाही. कुत्रे भुंकले की उठावे, वाऱ्याने पत्रा वाजला की उठावे, आणि जीपभोवती फेरी मारून यावे, ऐसे त्याचे जाहले. प्रथम ओट्यावर निजे, मग बाज जीपला लावून निजू लागला, मग जीपमध्येच निजू लागला. डोळे तांबारले, धंद्यात लक्ष राहीना, आणि ज्यांच्याशी त्याची पूर्वीची ऊठबस ते त्यास हसू लागले. दर्याजी रोज सकाळी जीप न्यावयास येत. एके दिवशी सटवाजी बोलिला, "दादा, न्या ही ब्याद. चार चाकाला पाचवं चाक आन् त्याच्यापायी मला डोळ्याला डोळा न्हाई." दर्याजी बोलिले, "मला तर किती वर्षं न्हाई." आणि चावी फिरविली, आणि जीप सुरू जाहली, आणि गेले. त्यानंतर जीप कोणत्याही वाडीस वेळेवर पोहोचली नाही ऐसे जाहले नाही.

मग एके सकाळी दर्याजी येऊन पाहतात तो सटवाजी जीपच्या चाकाशी बसलेला, डोके फुटलेले आणि उजवा हात लोंबत असलेला. त्याचेच जुने सोबती बॅटरीसाठी आले होते, आणि त्याने ती नेऊ दिली नव्हती. दर्याजींनी त्यास त्याच जीपमध्ये घातले आणि दवाखान्यात नेऊन हातास प्लास्टर करविले. तेथे सारी हकीकत फुटली आणि दिवाणजींचे कानी गेली की सरकारी जीप चोराच्या दारी राहते. दिवाणजी संतापले आणि बोलिले, "मांजरास दुधाची राखण दिली! उद्या लोक राज्यास हसतील." दर्याजी बोलिले, "हसूं द्या सरकार. मांजरानं भांडं सांडलं न्हाई." परंतु हुकूम जाहला तो जाहला. जीप कचेरीच्या आवारात आली, दरवाजास दुहेरी पहारा बसला, आणि आठवडा भरला नाही तो आवारातूनच स्टेपनी गेली.

मग कचेरीत मोठी धावपळ उडाली आणि शिपाई सुटले, ते नेहमीच्या वाटेने सटवाजीस धरावयास गेले. तो दवाखान्यात खाटेवर पडलेला, हात गळ्यात. डॉक्टरीणबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि बोलिल्या, "हा पेशंट चमचा उचलू शकत नाही, चाक कसं उचलेल?" मग शिपाई रिकामे परतले आणि दिवाणजींनी सर्वांस सदरेवर उभे करून दरडावून विचारिले. तेव्हा दिवाणजींचाच सारथी भिकाजी पुढे आला आणि बोलिला, "सरकार, आपल्या गाडीची स्टेपनी मागल्या महिन्यात गेली. आपण म्हणालात, काहीही करून उद्यापर्यंत चाक पाहिजे. म्या कुठनं आणू? मग ही दिसली."  कोणी खोकला, कोणी छताकडे पाहिले. मग दिवाणजी बोलिले की, दोन्ही गाड्या राज्याच्याच, सबब चाक राज्याबाहेर गेलेले नाही, सबब चोरी जाहलीच नाही. आणि सदर बरखास्त केली. भिकाजीने दुपारी चाक आणून बसविले. जीप पुन्हा सटवाजीचे दारी लागली आणि ती कोणाच्या हुकमाने लागली हे कोणी विचारिले नाही.

सटवाजी घरी आला त्यास काही दिवस लोटले. एके दुपारी दर्याजी जीप लावून निघाले तेव्हा तो खाली पाहून बोलिला, "दादा, ती बॅटरी मीच नेली होती." दर्याजी उभे राहिले. त्यांस राग यावयास पाहिजे होता, परंतु तो येण्याइतके बळही अंगी नव्हते. मग बोलिले, "मला सांगून काय उपयोग? बस गाडीत." आणि जीप वळविली आणि माळवाडीस नेली. धोंडू अंगणात पायांनी माती तुडवीत होता. सगुणा दारात उभी होती, ती आत गेली. सटवाजी अंगणाचे कडेस उभा राहिला आणि बोलिला, "ती बॅटरी म्या नेली होती." धोंडूचे पाय थांबले. त्याने सटवाजीकडे पाहिले, त्याच्या गळ्यातील हाताकडे पाहिले, आणि मग पुन्हा माती तुडवू लागला. सटवाजी तसाच उभा. दर्याजींनी बसावे की निघावे हे त्यांस कळेना, म्हणोन तेही उभे. ऊन उतरले, सावल्या अंगणाबाहेर गेल्या, धोंडूने मातीचा गोळा करून त्यावर ओले फडके टाकिले, हात धुतले, आणि त्यांच्याकडे न पाहता बोलिला, "जावा आता. गाडी लागंल कुणाला तरी." मग दोघे निघाले. 

ऐसी ही हकीकत. पुढे दर्याजी होते तोवर त्या जीपचे चाक गेले नाही, आणि बॅटरी आपले आयुष्य भोगून जुनी होऊन बदलली. दिवाणजींनी कुलूप-साखळीचा बंदोबस्त यशस्वी जाहला म्हणोन वरती कळविले, आणि तसेच दप्तरी आहे. सटवाजीचा हात वाकडाच बसला. धोंडूने त्यास माफ केले किंवा कसे, हे लिहिणारास ठाऊक नाही, आणि त्यास विचारण्याची छाती कोणाची जाहली नाही. जाणिजे. लेखनसीमा.