हललेल्या फोटोचे फायदे

कोणत्याही कलेची प्रगती ही ती कला सहन करणाऱ्यांच्या प्रकृतीवर अवलंबून असते. गायनात हे शेजाऱ्यांना कळते, स्वयंपाकात नवऱ्याला. फोटोग्राफीत ते कासार आंबोली गावाला कळले, आणि तेही आकडेवारीसकट.

वाल्मीक हा शेजारच्या पौडच्या गुरांच्या दवाखान्यात कंपौंडर. १९५५ साली त्याने पुण्याच्या जुन्या बाजारातून एक डबा कॅमेरा आणला आणि छंदाला सुरुवात केली. फिल्मच्या एका रोळात आठ फोटो निघत. समोरच्या जिवाला न हलता उभे कसे करावे, याचा त्याला दवाखान्यातला दांडगा अनुभव होता. माणसाची वेसण धरता येत नाही, एवढाच काय तो फरक.

पण गावाचे मत असे होते की फोटो काढला की आयुष्य घटते. (हे मत खुळचट असल्याचे वाल्मीकने पुस्तकात वाचले होते. त्याने स्वतःचा फोटो काढून घेतला नव्हता, तो केवळ वेळेअभावी.) मात्र ज्याचे आयुष्य संपतच आले आहे त्याचे आणखी काय घटणार, असा विचार करून गावाने मधला मार्ग काढला होता. माणूस अंथरुणाला खिळला की फोटो काढावा, म्हणजे मागे भिंतीला लावायला काहीतरी राहते. त्यामुळे वाल्मीक डबा घेऊन आळीत शिरला की बाया पदर तोंडाला लावून विचारत, "कुणाच्या दारात चाललाय, कंपौंडरभाऊ?"

त्याची प्रगती क्रमाक्रमाने झाली. पहिल्या रोळात आठही फोटोंत त्याचे स्वतःचे बोट आले. बोट रेखीव आले होते. दुसऱ्या रोळात बोट गेले, पण माणसांची डोकीही गेली. एका घराने तोही फोटो भिंतीला लावला, कारण म्हातारा धोतरावरून ओळखू येत होता. तिसऱ्या रोळापासून डोकी परत आली आणि गावाला आकडेवारी मिळू लागली.

कोंडाजीचा फोटो स्वच्छ आला. त्याने तो निरखून पाहिला, "नाक बरं आलंय" म्हणाला आणि तिसऱ्या दिवशी वारला. धोंडाबाईचाही स्वच्छ होता, पण पुण्याच्या स्टुडिओतून धुऊन यायला तीन आठवडे लागले. ती तीन आठवडे थांबली आणि फोटो पाहिला त्याच संध्याकाळी गेली. गोजराबाईचा फोटो मात्र इतका हलला की एका गोजराबाईच्या तीन दिसत होत्या. ती आठवड्याने उठून बसली आणि श्रावणात भातलावणीला गेली. (तिघींपैकी नेमकी कोणती गेली, हा प्रश्न गावाने तपासला नाही.)

यावरून मारुतीच्या पारावर दोन नियम ठरले. एक, कॅमेरा वाईट नाही. फोटो नीट येणे वाईट. दोन, फोटो नीट आला असे केव्हा म्हणायचे, तर ज्याचा त्याने पाहिल्यावर. वाल्मीकने विरोध केला. कोंडाजीला दमा होता, धोंडाबाईचे वय नव्वद होते, वगैरे. गावाने शांतपणे ऐकून घेतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाने त्याला विचारले, "हलवून काढता ना?"

या काळात वाल्मीकचा सर्वांत निष्ठावान आजारी म्हणजे हैबतराव. वय पंच्याहत्तर. मिशा अशा की गावातली पोरे त्यांना मिशांवरूनच भीत. दर फाल्गुनात त्यांना खोकला धरी, ते घोंगडीवर आडवे होत, थोरल्या मुलाला, भैरूला वाटण्यांचे सांगत आणि वाल्मीकला बोलावणे पाठवीत. पहिल्या वर्षी फोटो प्रामाणिकपणे हलला. दुसऱ्या वर्षी वाल्मीकने त्यांना उन्हाकडे पाठ करून बसवले. चेहरा काळाठिक्कर आला आणि वर पांढरे पागोटे तेवढे तरंगत राहिले. तिसऱ्या वर्षी तो रोळ पुढे सरकवायला विसरला, आणि आदल्या दिवशी काढलेला एका शेतकऱ्याचा बैल हैबतरावांच्या खांद्यावरून डोकावू लागला. तिन्ही वर्षी हैबतराव चैत्रात बरे झाले. बैलाच्या वर्षी तर ते पूर्वीपेक्षा जास्त जेवू लागले.

हैबतराव मात्र नाराज होते. "आरं, मेलो तरी चालंल," ते म्हणाले. "बैल आला फोटूत, पागुटं आलं. माज्या मिशा तेवढ्या न्हाई आल्या! वर जाऊन बापाला काय दावू?"

वाल्मीकलाही हेच हवे होते. तीन वर्षांत तो शिकला होता. ऊन पाठीशी घ्यायला, श्वास रोखायला, आणि दवाखान्याच्या पेंडीच्या खोलीत फटींना पोती लावून स्वतः फोटो धुवायला. आता त्याला एकच चांगला फोटो हवा होता, आणि अख्ख्या खोऱ्यात हैबतरावांसारखा चेहरा नव्हता.

चौथ्या फाल्गुनात भैरूने सुताराकडून सागवानी तिपाई करून आणली. वर कॅमेरा ठेवला की जागचा ढळणार नाही अशी.

"आबा, आता हलायचं काम न्हाई," तो म्हणाला.

"तुजी घाई कळतीया मला," हैबतराव म्हणाले. "पर तिपाई झ्याक केलीस, ल्येका."

हैबतरावांना पागोटे बांधेपर्यंत त्यांची बायको साळूबाई वाल्मीकला गोठ्यात घेऊन गेली.

"कंपौंडरभाऊ, तीन वरसं तुमी माजं कुक्कू राखलंत. आता येकदम हुशार हू नगा."

"साळूआक्का, फोटोनं कुणी मरत नसतं."

"व्हय, न्हाई मरत. मग तुमचा कुटं हाय?"

वाल्मीकने रोळ तपासण्याचे काम हाती घेतले.

"शिकला असाल तर इसरा," ती म्हणाली आणि शेण उचलायला वाकली.

अंगणात खुर्ची मांडली होती. सकाळचे ऊन तिरपे होते. कॅमेऱ्याच्या काचेत हैबतराव खोकला दाबून बसलेले दिसत होते, मिशांना तूप लावून. वाल्मीकचा हात खटक्यावर गेला तेव्हा साळूबाई बरोबर त्याच्या मागे उभी होती. त्याने श्वास रोखला. चार वर्षे शिकलेला हात थरथरला नाही.

फोटो उत्तम आला. मिशीचा केस नि केस वेगळा, डोळ्यांत अंगणातले झाड. वाल्मीकने तो पेंडीच्या खोलीतून उजेडात आणला आणि बराच वेळ पाहत राहिला. बाहेर कुणाची तरी म्हैस ताटकळत होती.

आठवड्याने हैबतराव काठी टेकीत स्वतः दवाखान्यात आले. खोकला नव्हता.

"आल्या का मिशा?"

फोटो खणात होता, बुळकांडीच्या लसीच्या वहीखाली.

"हलला, आबा."

"तिपाई हलली?"

"तुम्ही हललात."

"मी?" हैबतरावांनी मिशीवरून हात फिरवला. मग काठी उचलून चालू लागले. "बरं. म्हंजी पुढच्या साली तुला परत यायला लागंल."

जाताना ते येतानापेक्षा ताठ चालत होते.

वाल्मीकने या प्रकाराचा शास्त्रीय विचार केला. फोटो स्वच्छ आहे आणि माणूस जिवंत आहे, म्हणजे गावाचे मत खोटे ठरले. पण नियम दोननुसार हैबतरावांनी तो पाहिलेला नाही, म्हणजे गाव हे मानणार नाही. दाखवला आणि नंतर ते साध्या खोकल्यानेही गेले, तर शास्त्राची कायमची नाचक्की. तेव्हा शास्त्राच्या हितासाठी फोटो खणात राहिला, आणि हे फक्त साळूबाईला ठाऊक होते. त्यानंतर दर फाल्गुनात वाल्मीक तांदळाच्या दाण्याएवढा हात हलवतो, म्हणजे माणूस ओळखू येतो आणि मिशा येत नाहीत. हे कौशल्य कुठल्याही पुस्तकात दिलेले नाही. भैरूने तिपाईचे पाय दोनदा ठोकून घेतले.

आता १९६४ उजाडले आहे. हैबतराव ऐंशी ओलांडून गेले, आणि त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे. डाव्या डोळ्याने दिसत नाही, उजव्याने आणखी वर्षभर दिसेल. त्यानंतर खण उघडूनही उपयोग नाही.

यावर वाल्मीकने तोडगा काढला आहे. एखाद्या धडधाकट, शिकलेल्या, अशा खुळचट समजुती न मानणाऱ्या माणसाने येऊन स्वच्छ फोटो काढून घ्यावा आणि गावासमोर पाहावा. तो महिनाभर टिकला की साळूबाई खण उघडायला कबूल आहे. शाळेच्या गुरुजींना विचारले, त्यांची तपासणी होती. देवीची लस टोचणारे डॉक्टर दौऱ्यावर होते. पुण्याहून अंधश्रद्धेवर व्याख्यान द्यायला आलेल्या गृहस्थांनी कल्पनेचे फार कौतुक केले आणि साडेचारची एस.टी. पकडली.

तेव्हा आता वाचकांवरच भिस्त आहे. वरील मजकूर वाचताना जे जे हसले ते सर्व पात्र आहेत. मंगळवारी सकाळी ऊन चांगले असते. खुर्ची मांडून ठेवली आहे, तिपाई सागवानी आहे, फोटो फुकट आहे. येताना जवळच्या एका नातेवाइकाचा पत्ता लिहून आणावा. ही केवळ पद्धत आहे.