दिला, महाराज, दिला!

एका जंगलात, मुलांनो, एक सिंह राज्य करत होता. तो चांगला होता की वाईट, हे विचारू नका. तो सिंह होता.

जंगल तसं लहानच होतं. पूर्वी मोठं होतं म्हणे. पण आधीच्या राजांनी आपापल्या मेहुण्यांना थोडं थोडं वाटलं आणि उरलेलं या सिंहाच्या वाट्याला आलं. तरी जांभळाची दाट झाडं होती, एक ओढा होता, म्हशीला डुंबायला डबकं होतं. ज्याचं त्याचं बीळ ज्याला त्याला होतं. थोडक्यात, सुधारणा करायला भरपूर वाव होता.

एकदा सिंह शेजारच्या जंगलात वाघाकडे जेवायला गेला. जेवण झाल्यावर वाघाने एक काठी घेतली, गवतावर ठेवलेल्या पांढऱ्या चेंडूला टोला मारला आणि चेंडूच्या मागे चालू लागला. वाघाच्या मागे सगळा दरबार. वाघ थांबला की दरबार थांबे. वाघाने कपाळावर पंजा धरून लांब पाहिलं की दरबारही लांब पाही. आणि टाळ्या तर अशा पडत होत्या, की शिकार करूनसुद्धा आपल्या सिंहाला तेवढ्या कधी मिळाल्या नव्हत्या.

"याला काय म्हणतात?" सिंहाने विचारलं.

"गोल्फ," वाघ म्हणाला. "चेंडू मारत मारत बिळात घालायचा."

"आणि मग?"

"मग पुढच्या बिळात."

"आणि त्यातून मिळतं काय?"

वाघाने कीव आल्यासारखं पाहिलं. "ज्यांना हा प्रश्न पडतो, त्यांच्यासाठी हा खेळ नाही."

सिंहाला तो प्रश्न पुन्हा कधी पडला नाही.

घरी येताच त्याने सचिवाला बोलावलं. सचिव होता तरस. हसतमुख प्राणी. काम होणार असलं तर तो हसायचा आणि होणार नसलं तर जास्तच हसायचा.

"महाराज, गोल्फ अवश्य आणू," तरस म्हणाला. "फक्त आपलं जंगल लहान आहे."

"मग?"

"मग मैदानही लहान करू. पाटीवर लिहू, 'छोटं पण आव्हानात्मक'. 'पण' लावलं की आधीचा शब्द कुणी वाचत नाही."

मैदान झाडांमधूनच काढायचं ठरलं. झाडं तोडायची नव्हती, कारण चेंडू झाडावर आपटला तर दोष झाडाला देता येतो. हरणांना सांगितलं, गवत खा, पण सगळीकडे सारखं खा. म्हशीला सांगितलं, डबक्यात खुशाल डुंब, पण महाराजांनी काठी उगारली की फुरफुरायचं नाही. माकडांना चेंडू शोधायचं काम मिळालं. ती मन लावून शोधत. चेंडू जिथे पडला असेल तिथे नव्हे, जिथे पडायला हवा होता तिथे त्यांना तो सापडे.

आता राहिली बिळं.

"ती खणावी लागतील," सिंह म्हणाला.

"कशाला, महाराज?" तरस हसला. "प्रजेकडे तयार आहेत."

पण मुलांनो, त्या जंगलात एक जुना कायदा होता. राहणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने 'दिलं' म्हटल्याशिवाय त्याचं बीळ कुणाला घेता येत नसे. अगदी सिंहालाही. कायदा कुणी केला, कोण जाणे. बहुधा करणाऱ्याला बीळ असावं.

तरस दारोदार हिंडला. "एक शब्द म्हणायचा," तो म्हणे. "बाकी सगळं मी बघतो." सशाने तर तरसाने तोंड उघडायच्या आतच 'दिलं' म्हणून टाकलं. घुशीला पेरूची फोड पुरली. घोरपड मात्र अडून बसली. तिला तहहयात मानद सदस्य केलं. सदस्यांना मैदानावर यायला बंदी होती, पण बिल्ला मिळाला. घोरपडीने तो गळ्यात घातला आणि 'दिलं' म्हणाली.

शेवटचं बीळ उताराच्या माथ्यावर, मोठ्या जांभळाखाली होतं. तिथे साळूबाई नावाची साळिंदरीण राहायची. तिला नुकतीच दोन पिल्लं झाली होती. त्यांचे काटे अजून मऊ होते आणि चालताना ती एकमेकांवर पडायची.

"न्हाई म्हणायची मी," साळूबाई म्हणाली. "ही पोरं घेऊन जाऊ कुठं?"

"एकच शब्द आहे, बाई."

"म्हणून तर न्हाई म्हणत."

उताराच्या खाली शेवंताक्का नावाची म्हातारी मुंगसीण राहायची. तीही बीळ देणारी नव्हती. पण उताराखाली चेंडू नीट थांबत नाही म्हणून तिचं बीळ कुणी मागितलंच नव्हतं. ती रोज वर चढून यायची आणि साळूबाई चारा आणायला गेली की पिल्लं सांभाळत बसायची. जाताना बजावायची, "साळे, जीभ घट्ट धर. त्यो हसत आला तर जास्तच घट्ट धर."

तरसाने मग साळूबाईच्या दाराबाहेर नुसता झेंडा रोवला. बीळ तिचंच राहिलं, झेंडा महाराजांचा. आणि गंमत म्हणजे काही बिघडलं नाही. का, ते सांगतो.

या खेळात एक रीत आहे. चेंडू बिळाच्या अगदी जवळ येऊन थांबला, की समोरच्या खेळाडूने मोठ्या मनाने 'दिला' म्हणायचं. मग शेवटचा टोला मारावा लागत नाही, चेंडू बिळात गेला असं धरतात. आपल्या सिंहाबरोबर तरस, लांडगा आणि अस्वल खेळत. तिघांचीही मनं फार मोठी होती. सुरुवातीला चेंडू बिळापासून वीतभर असला की ते "दिला, महाराज, दिला!" म्हणत. पुढे हातभर असला तरी म्हणू लागले. नंतर बीळ दिसू लागलं की म्हणत. अस्वल तर एकदा चेंडू डबक्यात पडल्याचा आवाज ऐकून म्हणालं, "दिला!"

असा सिंह अजिंक्य झाला. त्याचा चेंडू बिळात कधी गेलाच नाही आणि त्याला ते कधी कळलंही नाही. त्यामुळे साळूबाईचं बीळ भरलेलं आहे की रिकामं, याने कुणाला फरक पडत नव्हता.

मग सिंहाने वाघाला सामन्याचं आमंत्रण दिलं.

तरसाचं हसू त्या दिवशी किंचित कमी झालं. वाघ हा पाहुणा. तो 'दिला' म्हणेलच असं नाही. चेंडू खरोखर बिळात घालायची वेळ आली तर?

तो साळूबाईकडे गेला. "पाहुणे यायच्या आत बीळ रिकामं हवं. 'दिलं' म्हणालीस तर ठीक. नाही तर महाराज कायदाच बदलतील. मग कुणी काही म्हणायची गरजच उरणार नाही."

साळूबाई रात्रभर रडली. सकाळी शेवंताक्का आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते.

"म्हणून टाकू का, आक्का?"

"खुळी का काय? कायदा बदलायला बी अक्कल लागती. बस आत. काय आलं तर बाहेर ढकल."

सामन्याचा दिवस उजाडला. दोन्ही दरबार जमले. म्हैस श्वास धरून बसली. सिंहाने टोले मारले, वाघाने टोले मारले, दोन्हीकडच्या माकडांनी चेंडू सोयीच्या जागी शोधले. मधल्या बिळांपाशी दोन्हीकडचे सरदारच मोठमोठ्याने "दिला, दिला!" ओरडत होते, त्यामुळे दोघे बरोबरीत राहिले. शेवटी दोघांचे चेंडू साळूबाईच्या झेंड्याजवळ येऊन थांबले. सिंहाचा वीतभर अंतरावर, वाघाचाही वीतभर.

इथे मात्र वाघाने पंजा वर करून सरदारांना गप्प केलं. "शेवटचं बीळ आम्ही दोघांनीच पाहू," तो म्हणाला. असं म्हणायचं असतं, हे त्याने कुठेतरी ऐकलं होतं.

सिंह वाट पाहू लागला. वाघही वाट पाहू लागला.

"आपण काही म्हणणार होतात का?" सिंहाने विचारलं.

"मी? नाही. आपण?"

"आमच्याकडे मला म्हणतात. मी म्हणत नाही."

"आमच्याकडेही तसंच आहे," वाघ म्हणाला.

दोघे पुन्हा वाट पाहू लागले. म्हैस निळी पडत चालली. अखेर तिला सोसवेना आणि ती फुरफुरली. दचकून सिंहाच्या पंजातली काठी हलली, चेंडूला लागली आणि आयुष्यात पहिल्यांदा सिंहाचा चेंडू बिळात गेला.

दरबार इतका थक्क झाला की टाळ्या वाजवायच्या राहून गेल्या.

तेवढ्यात चेंडू बाहेर आला. साळूबाईने आतून ढकलला होता.

"आमच्याकडे बिळं चेंडू परत देत नाहीत," वाघ म्हणाला.

सिंहाने चेंडू पुन्हा आत लोटला. साळूबाईने पुन्हा बाहेर लोटला. वाघाचे सरदार मिशीत हसू लागले. सिंह लाल झाला. त्याने काठी फेकली आणि पंजा बिळात घातला.

मुलांनो, साळिंदराच्या बिळात पंजा कधी घालू नका. सिंहाने जी डरकाळी फोडली, तशी जंगलाने कधी ऐकली नव्हती. दरबाराने सवयीने टाळ्या वाजवल्या.

आणि साळूबाई बाहेर आली! अंगावरचा काटान् काटा उभा, मागे थरथरणारी पिल्लं. तिने समोर पडलेल्या सिंहाच्या चेंडूला असा धक्का दिला, की तो उतारावरून घरंगळत थेट खाली गेला.

"न्हाई दिलं!" ती ओरडली. "न्हाई द्यायची!"

माझ्या अंगावर तर आत्ता सांगतानाही शहारा येतो. गोष्ट इथेच संपली असती, तर मी किती आनंदाने तुम्हाला घरी पाठवलं असतं.

पण तरस चेंडूकडे बघत होता. चेंडू शेवंताक्काच्या उंबऱ्याला अडून थांबला होता. तरसाचं हसू परत आलं. तो साळूबाईच्या कानाशी लागला.

"बाई, तुझं बीळ तुला. पिढ्यान् पिढ्या. झेंडाही काढतो. चेंडू बिळात जात नसेल तर बीळ चेंडूकडे नेऊ. तुझ्यासारखं खणणारं जंगलात कुणी नाही. चेंडूच्या खाली एक खड्डा, बस."

"तिथं आक्का राहती."

"म्हणून तर तू विचार. मला ती देणार नाही."

साळूबाईने पिल्लांकडे पाहिलं. मग सिंहाच्या पंजाकडे पाहिलं. त्यात तिचेच काटे होते. ते निघाल्यावर काय होणार, हे तिला कळत होतं. ती उतार उतरू लागली.

शेवंताक्का दारातच उभी होती. "शाबास गं, साळे!" ती म्हणाली. "कशी बोललीस! पोरं कुठं हायेत?"

"आक्का," साळूबाई खाली बघत म्हणाली, "एकच शब्द हाये."

शेवंताक्काला समजायला थोडा वेळ लागला.

"मी तुला काय शिकवलं व्हतं?"

"शिकवलं व्हतं. म्हणून तर माझं वाचलं."

तरसाला तिने ते कधीच म्हटलं नसतं. सिंहालाही नसतं. पण विचारायला साळू आली होती.

"दिलं," शेवंताक्का म्हणाली.

साळूबाईने भराभर माती उकरली. चेंडूखालची जमीन खचली, दार खचलं, मागची खोलीही खचली आणि चेंडू अलगद आत गेला. सिंह जिंकला. टाळ्यांनी पाखरं उडाली.

"ही पद्धत आमच्याकडे नाही," वाघ खिन्न होऊन म्हणाला. मग त्याने चौकशी केली, की ही बाई आठवड्यातून एखादा दिवस आमच्याकडे येईल का.

तेव्हापासून त्या मैदानावर ठरलेली बिळं नाहीत. महाराजांचा चेंडू थांबेल तिथे खणतात. त्याआधी साळूबाई त्या दारी जाते आणि हळू आवाजात एक शब्द मागते. तिला कुणी नाही म्हणत नाही. जंगलात तिचा फार मान आहे, कारण आजवर तरसाला 'नाही दिलं' म्हणणारी ती एकटीच. तिच्या गळ्यात बिल्ला आहे, घोरपडीपेक्षा मोठा. पिल्लांचे काटे आता छान टणक झालेत. तीही खणायला शिकतायत.

काय म्हणता? शेवंताक्का कुठे गेली?

मुलांनो, गोष्टीतलं तिचं काम संपलं. इतके प्रश्न विचारू नयेत.

तात्पर्य: आपलं बीळ कधीही कुणाला देऊ नये. शेजाऱ्याचं द्यावं.