विमलसिस्टर आणि जप्त थाळी

अर्जदार : धुडकू नथ्थू पाटील, अर्जनवीस, राहणार रनाळे.
गैरअर्जदार : विमलसिस्टर, नवजात शिशू कक्ष, मूळ खांडबारा.
साक्षीदार : अर्जदाराची पत्नी, तसेच नातू, घटनेच्या दिवशी वय पाच दिवस.
वादाची वस्तू : पितळी थाळी, नग एक.

वाचकांस सविनय सादर करतो की, सदर सिस्टर कोठेही कुजबुजूनच बोलतात. बाजारात वांग्यांचा भावही त्या कानगोष्टीसारखा करतात आणि भाजीवालीही मग कुजबुजू लागते, हे पत्नीने स्वतः पाहिले आहे. माझे नवे बूट कुरकुरतात म्हणून त्यांनी ते कक्षाच्या दारातच काढायला लावले. ज्याचा खडा आवाज तहसीलच्या आवारात सर्वपरिचित आहे, त्या अर्जदारास त्यांनी "आप्पा, हळू" एवढ्यावर गप्प केले.

माझा नातू दिवस भरण्याआधी जन्मला. काचेच्या पेटीत, कापडाच्या घरट्यात तो निजलेला असे. सिस्टर त्यास 'साहेब' म्हणत. साहेबांनी जांभई दिली की भेट बंद. साहेब शिंकले की दिवा मंद.

मूल जन्मले की थाळी वाजवणे ही आमच्या घराण्याची रीत. धावपळीत ती राहून गेली होती, ती पाचव्या दिवशी मी कक्षाच्या दारातच पुरी केली. एकच ठोका. पत्नीने तोंडावर पदर घेतला.

सिस्टरांनी थाळी काढून घेतली व मला पेटीपाशी नेले. नातवाची बोटे ताठ पसरली होती, उचकी लागली होती, ओठ निळसर दिसत होते.

"तो बोली ऱ्हायना, आप्पा. बस करा, म्हणी ऱ्हायना. तुमी इतला अर्ज लिखतस, हाऊ एक वाचा." (आमच्या अहिराणीत 'बोली ऱ्हायना' म्हणजे बोलतो आहे.)

त्यांनी ऊबदार केलेला एक तळवा त्याच्या डोक्यावर ठेवला, दुसऱ्याने मुडपलेले पाय सावरले. थोपटणे नाही, कुरवाळणे नाही. हळूहळू ओठांवर रंग आला.

पुढे तसाच हात ठेवण्यास त्यांनी मला शिकवले. एके दुपारी साहेबांनी माझे लेखणीचे बोट मुठीत धरले.

घरी जायच्या दिवशी नातू पत्नीच्या कुशीत बाहेर आला. मी बुटांसाठी मागे फिरलो. सिस्टर रिकाम्या पेटीपाशी उभ्या होत्या. कापडाच्या घरट्यावर त्यांचे दोन्ही तळवे तसेच, न हलता, धरलेले होते. मी बूट हातात घेऊन अनवाणी निघालो.

सबब विनंती की, सदर सिस्टरांनी बारशास रनाळे येथे हजर राहावे व येताना थाळी आणावी. तीत फक्त पेढे ठेवले जातील, अशी अर्जदार हमी देतो. उत्तर मिळावे, कुजबुजून दिले तरी ग्राह्य धरले जाईल.