तिसरं ‘नाही’

बापूसाहेबांना ‘नाही’ हा शब्द पहिल्यांदा ऐकूच येत नसे. दुसऱ्यांदा म्हटलं की ते हसत. तिसऱ्यांदा म्हटलं की मगच तो त्यांच्या कानात शिरे. त्यांची ही खोड रंगवून सांगत मी आजवर पुष्कळ हशा वसूल केला आहे. तिची शेवटची गोष्ट मात्र कित्येक वर्षं टाळत आलो, कारण तिच्यात हसं व्हावं असा माणूस मी एकटाच आहे.

यवतमाळचं ‘मँचेस्टर हाऊस’ हे आमच्याकडचं ऐतिहासिक आणि आलिशान हॉटेल. ऐतिहासिक म्हणजे जिना कुरकुरतो, आणि आलिशान म्हणजे त्या कुरकुरण्याचेही पैसे पडतात. कापसाच्या तेजीत बापूसाहेबांच्या आजोबांनी ते बांधलं आणि आपला कापूस जिकडे जातो त्या गावाचं नाव दिलं. ऑटोवाले त्याला ‘माचीस हॉटेल’ म्हणतात. बापूसाहेब मालक, मी मॅनेजर, आणि खरा कारभार पुतण्याचा. अभिजित पुण्याहून हॉटेलचं शिक्षण घेऊन आला होता आणि आल्यापासून आम्हा दोघांकडे डॉक्टरने जुन्या रोग्याकडे बघावं तसा बघत असे.

वरच्या दालनात कंपन्यांच्या बड्या साहेबांची खासगी जेवणं होत. अभिजितने त्यासाठी फ्रेंच नावांचं मेनूकार्ड छापलं. बापूसाहेबांनी चष्मा लावून पहिलीच ओळ वाचली, ‘कॉन्सोमे’, आणि मला विचारलं, “गुल्हाने, हा कोन सोमे? नेरचे सोमे की काय?” ते सूप आहे असं मी सांगितल्यावर त्यांना सोम्यांबद्दल वाईट वाटलं.

जेवणाच्या दिवशी ते काळा कोट घालून स्वतः वाढायला उभे राहत. काटा-चमचा ताटात शेजारी शेजारी ठेवला की जेवण झालं असं समजावं, हे अभिजितने त्यांना वारंवार समजावलं होतं. बापूसाहेब पाहुण्याचा काटा उचलून पुन्हा त्याच्या हातात देत. नागपूरच्या एका बँकवाल्या साहेबांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तर यांनी बोटांच्या फटींतून वरण वाढलं. एकदा पडद्यावर कंपनीच्या प्रगतीचा आलेख चढत असताना यांनी दिवे लावले. पाटोडीचा रस्सा निवून राह्यला होता म्हणे, आणि आलेख काही निवत नाही.

कोणी तक्रार केली की त्यांचं ठरलेलं वाक्य येई, “पयलं नाही लाजेचं, दुसरं रीतीचं, तिसरं पोटाचं. म्या पोटाचं ऐकतो.”

मी एकदा चिडून म्हणालो, “अहो बापूसाहेब, ही मोठी माणसं. यांना कशाला आग्रह?”

ते वाटी पुसत होते. मग त्यांनी सांगितलं की लहानपणी महागावला एका लग्नात ते पंगतीला बसले होते. जिलबी आली आणि हे लाजून नाही म्हणाले. वाढणारा म्हणाला, “मोठ्या घरचं पोट्टं हाय, याले कायले आग्रह?” आणि पुढे गेला. सगळ्या पंगतीत फिरून तो यांच्याकडे परत आलाच नाही. “मोठ्या मान्साले कोनी दुसऱ्यांदा इचारत नाही, गुल्हाने,” बापूसाहेब म्हणाले. ते स्वतः त्याच मजल्यावर मागच्या खोलीत एकटे जेवत. लग्न केलेलं नव्हतं. त्यांच्या ताटात दुसऱ्यांदा काही वाढायला कोणी जात नसे. मी तर नाहीच. मी मॅनेजर होतो.

आता ती गोष्ट.

राजूरकडच्या खाणींच्या कामासाठी एका परप्रांतीय कंपनीचे सर्वोच्च साहेब येणार होते. ते खूश झाले असते तर वर्षभराची जेवणं आमच्याकडे लागली असती. दुपारी त्यांच्या सेक्रेटरीचा मला फोन आला, साहेबांना मधुमेह आहे, गोड अजिबात नको. अभिजित म्हणाला, “काकांना तुम्हीच सांगा.” मी वर गेलो. बापूसाहेब आरशासमोर कोट घालून रिकाम्या वाटीतून रिकाम्या ताटात तूप वाढायची तालीम करत होते. इतके खुशीत होते की म्हटलं, नंतर सांगू. नंतर साहेब आले, आणि मला त्यांच्या शेजारी फोटोत उभं राहायचं होतं. कामं काय कमी असतात मॅनेजरला?

पुरणपोळी आली. साहेब नाही म्हणाले. लाजेचं. पुन्हा नाही म्हणाले. रीतीचं. तिसऱ्यांदा म्हणायचं असतं हे त्या भल्या माणसाला कोणी सांगितलं नव्हतं. यजमान एवढा म्हातारा, एवढा हसतमुख, म्हणून त्यांनी खाल्ली. मग दुसरीही तशीच खाल्ली. थोड्या वेळाने त्यांना गरगरायला लागलं आणि खुर्चीतच मान कलली.

डॉक्टर आले, साहेब सावरले आणि कॉफी न घेता निघून गेले. वर्षभराची जेवणंही त्यांच्या मागोमाग गेली.

अभिजितने त्याच दालनात, सगळ्या वाढप्यांसमोर मला विचारलं, “काकांना सांगितलं होतं ना?”

मी म्हणालो, “सांगितलं होतं.”

बापूसाहेबांच्या हातात तुपाची वाटी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ते रागाने नव्हे, तर काटा खाली ठेवणाऱ्या पाहुण्याकडे पाहत तसं. मग पुतण्याला म्हणाले, “सांगतलं असन. म्याच ऐकलं नसन. कान गेले आता माहे.”

त्यानंतर त्यांना दालनात यायची बंदी झाली. कोट खुंटीला गेला. अभिजितने ‘काकांच्या तब्येतीसाठी’ असं कारण दिलं आणि मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात धरणारा आमच्या हॉटेलात कोणी नव्हता.

मी निवृत्त झालो त्या दिवशी त्यांनी मला मागच्या खोलीत जेवायला बोलावलं. स्वतः वाढलं, भरभरून. मी ठरवून गेलो होतो, वाक्यही जुळवलेलं होतं. पान संपत आलं तेव्हा त्यांनी विचारलं, “गुल्हाने, काही बोलाचं हाय काय?”

मी म्हणालो, “नाही.”

ते हसले. थोडा भात वाढला आणि पुन्हा विचारलं, “काही राह्यलं असन तर बोला ना.”

“नाही हो, बापूसाहेब.”

त्यांनी वाढणं थांबवलं. समोरची खुर्ची ओढून बसले आणि हळूच म्हणाले, “पाहा बरं.”

मी ताटाकडे पाहत म्हणालो, “नाही.”

त्यांनी मान हलवली, चमचा खाली ठेवला आणि पोऱ्याला हाक मारून म्हणाले, “पान उचल रे. साहेबाचं झालं.”

ते जाऊनही आता बरेच दिवस झाले. आयुष्यभर त्यांचा हिशेब त्या एकाच वेळी चुकला असेल. बापूसाहेब, माझं तिसरंही लाजेचंच होतं.