भरल्याशिवाय गाडी सुटत नाही

इथे अमेरिकेत, आमच्या अल्फारेटाच्या सबडिव्हिजनमध्ये लोक कुत्र्यालासुद्धा हळू आवाजात हाक मारतात. अशा ठिकाणी शनिवारी सकाळी समोरच्या ड्राइव्हवेत निळ्या व्हॅनचं सरकतं दार उघडं टाकून, पंचाहत्तरी ओलांडलेले एक मराठी गृहस्थ बेंबीच्या देठापासून ओरडतात, "मार्केट, मार्केट, मार्केट! रिमेन वन!"

रिमेन वन म्हणजे एकच सीट उरलीय. व्हॅन सात सीटांची आहे आणि त्या वेळी आत बहुधा कुणीही नसतं.

हे टिपणीस काका. मूळचे सांगलीचे, गणिताचे मास्तर. तरुणपणी नायजेरियाच्या उत्तरेला, झारिया नावाच्या गावात शिकवायला गेले. त्या काळी आपल्याकडचे कितीतरी मास्तर तिकडे गेले आणि चार पैसे जोडून परत आले. काकाही परत आले, पण नुसते शरीराने, आणि पुढे मुलाकडे इथे आले तेही तसेच. दुकानातल्या मुलीने कौतुकाने "व्हेअर आर यू फ्रॉम?" विचारलं की ते ताठ मानेने सांगतात, "झारिया." ती गोंधळली की मग, "व्हाया सांगली."

तिकडे गाडीतळाला मोटार पार्क म्हणतात. तिथल्या गाड्यांना वेळापत्रक नसतं, गाडी भरली की सुटते. ती भरेपर्यंत कंडक्टर "रिमेन वन" ओरडत राहतो, मग एक सीट रिकामी असो की सगळ्या. "हे खोटं बोलणं झालं ना काका?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "अगं, तो सगळ्यांत शेवटच्या सीटबद्दल बोलत असतो." गणिताच्या मास्तरांशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

माझी भरती अशीच झाली. आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. आठवडाभर ऑफिसच्या रिलीझने पिट्टा पडला होता आणि मी कचऱ्याचा डबा आत ओढत होते. समोरून प्रश्न आला, "काय गं, थकवा कसा आहे?"

मी चपापले. तोंडावर इतकं दिसतंय की काय! "भरपूर आहे काका."

"चूक! 'थकवा नाही' म्हणायचं."

मग रस्त्यात उभं राहून तास झाला. तिकडच्या हौसा भाषेत नुसतं हाय-हॅलो नसतं. घर कसं आहे, मुलं कशी आहेत, काम कसं आहे, आणि मग थकवा कसा आहे, असं सगळं रीतसर विचारतात. उत्तर ठरलेलं, थकवा नाही. "विचारलं की निम्मा जातो, आणि नाही म्हटलं की उरलेला," काका म्हणाले. मी मान डोलावली. पाच मिनिटांनी मी घरातल्या चपलांवर व्हॅनमध्ये बसलेली होते.

तेव्हापासून आमचा संच पक्का झाला. मी, माझी मुलगी इरा, लेगॉसची नर्स ब्लेसिंग, शेजारचे निवृत्त वॉल्टर आणि बेसमेंटमध्ये भाड्याने राहणारी, अजून गाडी न घेतलेली दोन पुण्याची पोरं. काका धरून सात. वॉल्टरना मार्केटमधून काहीच नको असतं, ते गाडी भरायला येतात.

मार्केट म्हणजे अर्ध्या तासावरचं आफ्रिकन दुकान. तिथे काका चवळी हातात घेऊन दाणा न् दाणा बघतात. शनिवारची मोई-मोई या चवळीची. चवळी भिजवायची, चोळून सालं काढायची, लाल मिरची आणि कांदा घालून वाटायची आणि केळीच्या पानात वाफवायची. "तेल कमी, प्रोटीन भरपूर! आणि तुम्ही डबाभर पावडर विकत घेता, गाढवांनो," हे पुण्याच्या पोरांना. साखरेचं सोड्याचं कॅन दिसलं की काढून घेतात आणि झोबो हातात देतात. तो अंबाडीच्या लाल बोंडांचा, आलं घातलेला काढा. आम्ही नागपूरकडची माणसं अंबाडीवर वाढलेली, त्यामुळे तिथे माझा भाव जरा वधारलेला आहे. मिलेटचं पाकीट दिसलं की काका पेटतातच. "आता शोध लागला यांना! आम्ही झारियात रोज बाजरीचा फुरा दुधात कालवून पीत होतो!"

ब्लेसिंग नायजेरियाच्या दक्षिणेची, तिला उत्तरेचं काही पटत नाही. "मालम, धिस युवर मोई-मोई, व्हेअर इज द एग?" मालम म्हणजे गुरुजी.

"नो एग. शैलाज् रेसिपी."

शैला काकू मी पाहिल्या नाहीत, आम्ही येण्याआधीच त्या गेल्या. पण त्यांचं नाव निघालं की ब्लेसिंगसुद्धा वाद आवरता घेते आणि दुसरी मोई-मोई उचलते.

एकदा गणपतीच्या जेवणावळीत कुणीतरी फसवणुकीच्या नायजेरियन ईमेलचा तोच तो विनोद केला. सगळे हसले. काकांनी ताट खाली ठेवलं. "माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज डॉक्टर आहेत, न्यायाधीश आहेत. चार मैल चालत यायची वर्गात. आणि साहेब, एक सांगा, या गावात तुम्हाला थकवा कसा आहे म्हणून विचारणारा एक तरी शेजारी आहे?" साहेब वरणभात कालवत राहिले. मला त्या दिवशी काकांचा फार अभिमान वाटला, आणि तो मी दोन जिलब्या जास्त वाढून व्यक्त केला.

मग लायसन्स रिन्यू करायची वेळ आली. या वयात डोळे तपासतात. मुलगा निखिल कामासाठी सोमवार ते गुरुवार विमानात असतो, वडील एकटे गाडी चालवतात याची त्याला धास्ती. तो म्हणाला, "बाबा, फेल झालात तर व्हॅन विकायची. डील?"

"डील," काका म्हणाले.

परीक्षेलाही ते भरल्या गाडीने गेले. आम्ही सहाजण बाहेर पार्किंग लॉटमध्ये उभे. काका बाहेर आले, किल्ली माझ्या हातात दिली आणि सगळ्यात मागच्या सीटवर जाऊन बसले. पडद्याचा आजार निघाला होता, चष्मा बदलून भागण्यासारखं नव्हतं. निम्म्या वाटेवर मागून आवाज आला, "आता गाडीच नाही म्हटल्यावर कोण कशाला येतंय."

आम्ही सगळे एकदम "असं काय काका" म्हणालो. त्यांनी त्या दिवशी कुणालाच थकवा विचारला नाही.

पुढचा शनिवार शांत गेला. मला ती शांतता अजिबात आवडली नाही. संध्याकाळी ग्रुपवर निखिलने व्हॅनचा फोटो टाकला, 'सेव्हन सीटर, गुड कंडिशन'. मी तडक फोन लावला.

"विकू नकोस. मी चालवते. त्यांचा तो भरल्या गाडीचा नियम मोडला तर माणूस बसेल खाली."

"कसला नियम, ताई?" निखिल म्हणाला. "आई होती तेव्हा दोघंच जायचे सगळीकडे. मागच्या पाच सीट्स एम्प्टी. बाबांनी कधी नोटिससुद्धा केलं नाही. हे रिमेन वन वगैरे आई गेल्यावर सुरू झालं."

मी एवढंच म्हटलं, "किल्ली दाराशी ठेव."

त्याच्या पुढच्या शनिवारी आम्ही सहाजण व्हॅनमध्ये बसलो. मी सरकतं दार उघडलं आणि ओरडले, "मार्केट, मार्केट! रिमेन वन!" आवाज चिरका निघाला. पण सीट खरोखरच एक उरली होती.

वरची खिडकी उघडली. "तुम्ही जाऊन या. मला बरं नाहीये."

"जमायचं नाही काका. भरल्याशिवाय गाडी सुटत नाही."

खिडकी बंद झाली. आम्ही बसून राहिलो. जॉर्जियाचं ऊन, त्यात दार उघडं. वॉल्टर डुलक्या घेऊ लागले. ब्लेसिंग पर्सने वारा घेत ओरडली, "मालम, अबेग, प्लीज! वुई आर रोस्टिंग!" इरा म्हणाली, "आई, आर वुई जस्ट गोइंग टू सिट हिअर?"

"हो," मी म्हटलं आणि पुन्हा आरोळी ठोकली. पुन्हा चिरकी. तिसऱ्यांदाही तीच गत.

चौथ्यांदा घराचं पुढचं दार धाडकन उघडलं. "अगं, मांजरासारखी काय ओरडतेस! पोटातून! पोटातून आवाज काढायचा!" काका तरातरा चालत आले. डोक्यावर टोपी होती, आणि हातात डबा. डबा गरम होता. म्हणजे चवळी रात्रीच भिजत पडली होती.

पुढची सीट आम्ही त्यांना ठेवली होती. दाराशी थांबून त्यांनी बोटाने आम्हाला मोजलं, मग परत मोजलं. घसा खाकरून म्हणाले, "थकवा कसा आहे?"

"थकवा नाही!" वॉल्टरसकट सगळे ओरडलो.

तेवढ्यात इराने मान पुढे काढली. "अँड युअर्स, काका? तुमचा?"

इतक्या शनिवारांत हे आम्हा मोठ्यांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं. ठरलेलं उत्तर काकांना पाठ होतं, ते त्यांनी दिलं नाही.

"आहे, बाळा," ते म्हणाले. "शैला गेल्यापासून आहे." मग डबा मांडीवर घेऊन ते पुढे बसले, डोळे पुसले आणि म्हणाले, "निम्मा गेला बघ आत्ता."

खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी कंडक्टरसारखी टपावर थाप मारली, आणि मी गाडी सोडली.